एकाची फसलेली पोहणी, दुसऱ्याची तयारी: खुल्या पाण्यातल्या अनुभवांची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात पोहणं शिकायचं ते विहिरीत. पाठीला वाळका भोपळा नाहीतर पांगाऱ्याच्या लाकडाचा बिंडा, अलीकडे तेलाचा रिकामा कॅन. कमरेला दोर, आणि दोराचं दुसरं टोक काठावर बसलेल्या काकांच्या हातात. "आरं पाय मार की! मान खाली!" एवढ्यावर पहिला धडा होतो. पुढचे धडे पाण्याबाहेर, बोलता बोलता मिळतात. जेवून लगेच उतरायचं नाही. नवख्या डोहात सूर मारायचा नाही, आधी ठाव बघायचा. आणि एक धडा गावोगाव जवळजवळ याच शब्दांत ऐकू येतो: "बुडणाऱ्याला समोरून धरायचं न्हाई. मागनं जायचं, केसाला धरायचं. समोर गेलास तर गळ्यात पडंल आन् दोघंबी जाशीला." कुणीतरी असं गेल्यावरच हे शहाणपण गावाला आलं असणार.

समुद्रात, खाडीत, मोठ्या जलाशयात लांब पल्ला पोहणारे लोक एकत्र आले की आपापले अनुभव सांगतात, चुका उघड करतात. ही आजची हौस नाही. या खेळाचा सगळा इतिहासच अशा सांगण्यावर उभा आहे, आणि त्यात यशापेक्षा अपयशाच्या हकिकतींनी जास्त काम केलं आहे.

इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या इंग्लिश खाडीचंच बघा. 1872 मध्ये जे. बी. जॉन्सन नावाच्या पोहणाऱ्याने ती पार करायचा प्रयत्न केला आणि तो फसला. ती बातमी जहाजावर नोकरी करणाऱ्या मॅथ्यू वेबच्या वाचनात आली. वेबने नोकरी सोडली आणि सरावाला लागला. 12 ऑगस्ट 1875 ला तो पाण्यात उतरला. वारा आणि लाटांपुढे त्यालाही बाहेर यावं लागलं. बारा दिवसांनी पुन्हा उतरला आणि 21 तास 45 मिनिटांनी फ्रान्समधल्या कॅलेच्या किनाऱ्याला लागला. अंगाला पॉरपॉइज या डॉल्फिनसारख्या सागरी प्राण्याचं तेल चोपडलेलं, वाटेत जेलीफिशचे डंख, बोटीवरून मिळणारी ब्रँडी आणि गरम पेयं. सरळ अंतर 33-34 किलोमीटर, पण भरती-ओहोटीच्या ओढीमुळे तो नागमोडी वाटेने याच्या दुपटीच्या जवळपास पोहला. खाडी पोहताना किनारा नव्हे, भरतीचं वेळापत्रक बघून निघायचं असतं, हा धडा तिथून पक्का झाला.

पुढचं यश यायला 36 वर्षं गेली. अनेकांनी हात टेकल्यावर 1911 मध्ये टॉमस बर्जेस पार झाला. खुद्द बर्जेसच कितीदा तरी अपयशी ठरला होता. मला या गोष्टीतला सगळ्यात मोलाचा भाग पुढचा वाटतो. 1926 मध्ये गर्ट्रूड एडर्लीने पहिली स्त्री म्हणून खाडी पार केली, तेव्हा तिला शिकवायला हाच बर्जेस होता. आदल्या वर्षी तिचा प्रयत्न बोटीवरून कुणीतरी तिला हात लावल्यामुळे बाद ठरला होता. तो हात आपल्याला नको होता, हे ती शेवटपर्यंत सांगत राहिली. पोहणाऱ्याला स्पर्श झाला की पोहणी संपली, हा नियम आजही तितकाच कडक आहे. म्हणून तर खाणंपिणं काठीच्या टोकाला लावून किंवा दोरीला बांधून द्यायचं, आणि पोहणाऱ्याने बोटीला हात न लावता, पाण्यात पाय मारत राहून ते घ्यायचं.

सांगण्यात खोटेपणाही शिरू शकतो, हे 1927 मध्ये दिसलं. डोरोथी लोगन या डॉक्टर बाईंनी खाडी पार केल्याचं जाहीर केलं आणि काही दिवसांत ते खोटं असल्याची कबुलीही दिली. तपासणीशिवाय असे दावे कसे खपतात, हेच दाखवायचं होतं, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी चॅनल स्विमिंग असोसिएशन स्थापन झाली. बोटीवर निरीक्षक बसू लागला, पोहण्याची नोंद राहू लागली. त्यामुळे कोण कुठे आणि का थांबलं, हेही कागदावर उरू लागलं.

आपल्याकडे ही साखळी बंगालमार्गे आली. मिहिर सेन यांनी खाडी पोहून गेलेल्या अमेरिकन फ्लॉरेन्स चॅडविकच्या पराक्रमाबद्दल वाचलं, अनेकदा अपयश घेतलं आणि 27 सप्टेंबर 1958 ला खाडी पार करणारे पहिले भारतीय ठरले. पुढच्याच वर्षी आरती साहा उतरल्या. पहिल्या प्रयत्नात सोबतची बोट उशिरा आली, सोयीची वेळ टळली आणि किनारा जवळ आलेला असताना उलट्या प्रवाहाने त्यांना अडवलं. महिनाभराने, 29 सप्टेंबर 1959 ला, त्या 16 तास 20 मिनिटांत पार झाल्या. चाळीसेक मिनिटांच्या उशिराची ती हकिकत लांब पल्ल्याची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने ऐकायला हवी. महाराष्ट्रात धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया हा सुमारे 36 किलोमीटरचा टप्पा लांब पल्ल्याची मोठी कसोटी मानला जातो. पुण्याच्या रोहन मोरे यांनी तर 2018 मध्ये जगातल्या सात अवघड सागरी वाटा पूर्ण केल्या. असं करणारे ते पहिले आशियाई.

सोलापूरकराला यातलं काय उपयोगी? थंडीच्या बाबतीत आपण मागे आहोत, हे मान्य करून टाकावं. इंग्लिश खाडीचं पाणी ऐन उन्हाळ्यातही साधारण 15 ते 18 अंश, आणि तिथे उतरण्याआधी 16 अंश किंवा त्याहून गार पाण्यात सहा तास पोहल्याचा पुरावा द्यावा लागतो. आपल्याकडे ते मिळणं कठीण. विहिरीत पोहलेल्याची दुसरी अडचण म्हणजे त्याला चारी बाजूंनी काठाची सवय असते. खुल्या पाण्यात तो आधार नसतो. समोरचं झाड किंवा टेकडी धरून, अधूनमधून डोळे वर काढत दिशा राखावी लागते, आणि वांब आला तर घाबरून न जाता उताणं होऊन दम घ्यावा लागतो. तलावात हे शिकवणारा माणूस शेजारी लागतो. दोर धरून बसलेला काका तिथवर पोहोचत नाही.

आणि आपलं खरं खुलं पाणी म्हणजे उजनी. 1980 मध्ये पूर्ण झालेलं, 117 टीएमसीचं धरण. काठावरून शांत दिसतं, पण मोकळ्या पसाऱ्यावर वारा सुटला की लाटा उठतात. खाली बुडालेली गावं, झाडं, बांध. वर मासेमारीची जाळी. मे 2024 मध्ये करमाळ्याच्या कुगावहून इंदापूरच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहत काठाला लागला, सहा जण गेले. प्रवासी बोट आणि पोहण्याचा सराव या वेगळ्या गोष्टी आहेत, पण वारा तोच आणि पाणीही तेच.

म्हणून सोलापुरात पोहणाऱ्यांची बैठक भरेल तेव्हा स्पर्धा जिंकून आलेल्यांच्या शेजारी उजनीच्या काठचे भोई बांधव बसलेले असावेत, असं मला मनापासून वाटतं. कोणत्या महिन्यात दुपारनंतर वारा फिरतो, पाणी उतरल्यावर कुठे झाडांची खोडं वर येतात, जाळी कुठे लागतात, हे त्यांना विचारावं आणि तारखेसकट लिहून ठेवावं.