बिंदू आणि माणूस : विद्यापीठांतल्या सामाजिक मोजणीची पार्श्वभूमी

विद्यापीठात कोणत्या प्रवर्गाचे किती लोक नोकरीत आहेत, हे विचारले की महाराष्ट्रात दोन कागद पुढे येतात. एक आस्थापना विभागातली बिंदुनामावली, म्हणजे कितवे पद (बिंदू) कोणत्या प्रवर्गाचे ते क्रमाने लिहिलेली वही. दुसरा केंद्राच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणासाठी दरवर्षी भरला जाणारा तक्ता. दोन्ही एकाच आस्थापनेचे, बहुधा एकाच कारकुनाने तयार केलेले, आणि तरी त्यांतले आकडे सहसा जुळत नाहीत. त्यामागे नेहमीच लबाडी असते असे नाही. बिंदुनामावली पदे मोजते, सर्वेक्षण माणसे मोजते, आणि हा फरक कायद्याच्या इतिहासातून आलेला आहे.

जुना इतिहास थोडक्यात पुरे. कोल्हापूर संस्थानाने 26 जुलै 1902 रोजी नोकऱ्यांतल्या 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी ठेवल्या. मुंबई इलाख्यात 1928 मध्ये नेमलेल्या समितीने 1930 च्या अहवालात मागास वर्गांची विभागणी सुचवली. केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी 8.33 टक्के हा पहिला ठरावीक आकडा 1943 चा. या सगळ्या काळात रोख सरकारी खात्यांवर होता. विद्यापीठातले अध्यापक 'स्वायत्त' म्हणून बराच काळ बाजूला राहिले.

मोजणीचे आजचे रूप 10 फेब्रुवारी 1995 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून आले. तोवर नामावली रिक्त जागांची होती. जागा निघाली की पुढचा बिंदू लागायचा, 40 किंवा 100 बिंदू संपले की चक्र पुन्हा पहिल्यापासून. कोण निवृत्त झाले याचा त्या वहीशी संबंध नव्हता, त्यामुळे प्रत्यक्ष कामावर असलेल्यांची टक्केवारी वर किंवा खाली कितीही घसरू शकत होती. 1995 च्या निकालाने नामावली पदांना बांधली. संवर्गातली, म्हणजे एकत्र मोजल्या जाणाऱ्या एकाच दर्जाच्या पदांच्या गटातली, सगळी पदे एकदा भरली की चक्र थांबते, आणि त्यानंतर ज्या बिंदूवरचा माणूस गेला त्याच प्रवर्गाचा माणूस तिथे येतो. केंद्राने 2 जुलै 1997 च्या आदेशाने हे अमलात आणले, राज्यांनीही आपापल्या नामावल्या बदलल्या. नेमणुकांची रोजनिशी होती ती वही त्या दिवसापासून संवर्गाच्या रचनेचे मोजमाप झाली.

पण संवर्ग म्हणजे काय, हे त्या निकालात विद्यापीठापुरते सुटले नव्हते. पुढची दोन तपे त्यातच गेली.

सरकारी कचेरीत लिपिक हा संवर्ग असतो, तिथे शंका येत नाही. विद्यापीठात सहायक प्राध्यापक हा सगळ्या विद्यापीठाचा एक संवर्ग, की भूगोलाचा वेगळा आणि रसायनशास्त्राचा वेगळा? या वादाचे मूळ नागपूरचे आहे, ही गोष्ट दिल्लीतल्या चर्चेत सहसा कुणी सांगत नाही. नागपूरच्या विद्यापीठाने 1980 च्या दशकात अध्यापकांची जाहिरात काढली. राखीव जागांची एकूण संख्या दिली, पण कोणत्या विषयातली जागा राखीव ते लिहिले नाही. 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत बेकायदा ठरवली. अर्ज करणाऱ्याला आपल्या विषयातले पद आपल्यासाठी आहे की नाही हेच कळत नसेल तर अर्ज करायचा कशाच्या आधारावर, असा तो मुद्दा होता. आणि तो रास्तच होता.

जाहिरात विषयवार हवी, इथपर्यंत वाद नाही. गोंधळ पुढे झाला. जाहिरात विषयवार म्हणजे हिशेबही विषयवार, असा अर्थ लावला गेला. वास्तविक या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. आधी संपूर्ण संस्थेच्या संवर्गावर बिंदू लावायचे, मग कोणता बिंदू कोणत्या विषयाच्या रिक्त पदावर पडला ते जाहिरातीत लिहायचे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2006 च्या मार्गदर्शक सूचना याच दिशेने होत्या. त्यात विद्यापीठ किंवा महाविद्यालय हे एकक धरले होते. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने एप्रिल 2017 मध्ये नेमकी तीच कलमे रद्द केली आणि विभाग हे एकक ठरवले. 5 मार्च 2018 ला आयोगाचे तसे परिपत्रक निघाले, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राची याचिका फेटाळली.

'13 बिंदू की 200 बिंदू', म्हणजे विभागवार छोटी नामावली की संस्थावार मोठी, हे घोषवाक्य त्या हिवाळ्यातले. घोषणा ऐकलेल्यांपैकी फार थोड्यांनी आकडेमोड करून पाहिली असेल. केंद्राच्या नामावलीत बिंदू कसा निघतो? 100 ला टक्केवारीने भागायचे आणि अपूर्णांक आला की पुढचा पूर्णांक धरायचा. इतर मागास वर्ग 27 टक्के, म्हणजे 3.7, म्हणून पहिला बिंदू चौथा. अनुसूचित जाती 15 टक्के, 6.67, म्हणून सातवा. अनुसूचित जमाती 7.5 टक्के, 13.33, म्हणून चौदावा. (आर्थिक दुर्बल घटकांचे 10 टक्के येण्याआधीचा हा हिशेब.) 13 किंवा त्याहून कमी पदांच्या संवर्गाला वेगळी छोटी नामावली लागते, तिथे पुढचे बिंदू माणसे निवृत्त होत जातील तसे फिरतात. एकाच पदाच्या संवर्गाला तर आरक्षणच लागत नाही, कारण ते 100 टक्के होईल, असा 1998 चा निकाल आहे.

आता 20 विभागांचे एक विद्यापीठ धरा. प्रत्येक विभागात 1 प्राध्यापक, 2 सहयोगी, 4 सहायक, अशी एकूण 140 पदे. विद्यापीठ एकक धरले तर टक्केवारीने साधारण 21 पदे अनुसूचित जातींना, 10 जमातींना, 36 इतर मागास वर्गाला. दोन प्रवर्ग एकाच बिंदूवर आले की एक पुढे सरकतो, त्यामुळे एखाददुसऱ्या पदाचा फरक पडतो, इतकेच. विभाग एकक धरला तर सुरुवातीच्या भरतीत प्राध्यापकांत शून्य, सहयोगींत शून्य, आणि सहायकांत प्रत्येक विभागाचे चौथे पद, म्हणजे 20, सगळी इतर मागास वर्गाची. अनुसूचित जाती आणि जमातींचे 140 पैकी एकही नाही. पुढे फिरत फिरत बिंदू येईल, असे म्हणणाऱ्यांनी हेही करून पाहावे. चार पदांच्या संवर्गात चौदावा बिंदू येण्यासाठी पहिली चार भरल्यावर आणखी दहा नेमणुका व्हाव्या लागतात. सरासरी 30 वर्षांची नोकरी धरली तर 30 वर्षांत चार जागा रिकाम्या होतात. दहा जागांना 75 वर्षे लागतील.

विभागवार मोजणीच्या बाजूचाही युक्तिवाद आहे. भूगोलाचा माणूस रसायनशास्त्रात बसत नाही. संस्थावार मोजले तर एखाद्या विभागात सगळी पदे राखीव आणि शेजारच्या विभागात एकही नाही, असे घडू शकते. ही अडचण खरी आहे, पण ती क्रम लावण्याची आहे. रिक्त पदे तारखेच्या क्रमाने लावायची, एकाच दिवसाची असतील तर विषयांच्या वर्णानुक्रमाने, अशी रीत बऱ्याच ठिकाणी आहे. क्रम आधी जाहीर झाला आणि नंतर हलवला नाही, तर तक्रारीला जागा फार उरत नाही. क्रम बैठकीत 'सोयीने' ठरला की मात्र नको असलेल्या उमेदवाराच्या विषयावर नेमका हवा तो बिंदू पडतो.

7 मार्च 2019 रोजी अध्यादेश निघाला आणि जुलैमध्ये त्याचा कायदा झाला. शाखा-विषय काहीही असो, समान वेतनश्रेणीचे सर्व अध्यापक हा एक संवर्ग आणि संस्था हे एक एकक, अशी त्यातली व्याख्या आहे. त्याच्या परिशिष्टातल्या काही संशोधन संस्था, त्यांत मुंबईतल्या अणुसंशोधनाशी निगडित संस्थाही, आणि अल्पसंख्याक संस्था मात्र वगळलेल्या आहेत. राज्यात महाराष्ट्राने 2021 मध्ये अध्यापक संवर्गातील आरक्षणाचा स्वतःचा कायदा केला आणि संस्थावार मोजणी इथेही आली.

राज्याचे प्रवर्ग केंद्राच्या प्रवर्गांशी जुळत नाहीत, हा दुसरा गुंता. 2001 च्या आरक्षण कायद्याने (अंमल 29 जानेवारी 2004 पासून) अनुसूचित जाती 13, जमाती 7, विमुक्त जाती अ 3, भटक्या जमाती ब 2.5, क 3.5, ड 2, विशेष मागास 2 आणि इतर मागास 19, असे 52 टक्के होतात. केंद्राच्या सर्वेक्षणात भटके, विमुक्त, विशेष मागास असे रकानेच नाहीत. भज-क मधला धनगर अध्यापक किंवा भज-ड मधला वंजारी अध्यापक राज्याच्या नामावलीत स्वतंत्र दिसतो, दिल्लीला जाताना इतर मागास वर्गात मिसळतो. वरून आलेला आकडा परत राज्याच्या प्रवर्गांत फोडता येत नाही.

त्यात मराठा आरक्षणाची भर. 2018 मध्ये 16 टक्के, 2019 मध्ये उच्च न्यायालयाने नोकऱ्यांसाठी 13, सप्टेंबर 2020 मध्ये स्थगिती, 5 मे 2021 रोजी रद्द, फेब्रुवारी 2024 च्या कायद्याने 10. दर बदलाला नामावली नव्याने मांडायची, विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून (सगळे त्याला 'मावक' म्हणतात) तपासून घ्यायची, त्याशिवाय जाहिरात नाही. तपासणी अडकली की भरती अडकते, आणि भरती अडकली की रिकाम्या बिंदूंचा अनुशेष वाढतो.

प्रत्यक्ष वही कशी दिसते? बिंदू क्रमांक, त्या बिंदूचा प्रवर्ग, कर्मचाऱ्याचे नाव, त्याची जात, जात प्रमाणपत्राचा आणि वैधता प्रमाणपत्राचा क्रमांक, रुजू झाल्याची तारीख, निवृत्तीची तारीख, शेरा. बिंदूचा प्रवर्ग आणि माणसाची जात हे दोन वेगळे रकाने आहेत, आणि बहुतेक चुका या दोहोंच्या मध्ये होतात. अनुसूचित जातीचा उमेदवार गुणवत्तेवर, कोणतीही सवलत न घेता निवडला गेला, तर त्याला खुल्या बिंदूवर दाखवायचे असते. 'खुला' हा जातीचा प्रवर्ग नव्हे, सर्वांना उघडी असलेली ती जागा आहे. सरावाने मात्र त्याला उचलून राखीव बिंदूवर बसवतात. राखीव जागा भरल्यासारखी दिसते, एक उमेदवार कमी घ्यावा लागतो, आणि तपासणीत कक्षाने पकडले तरच हे बाहेर येते.

महिलांचे 30 टक्के आणि दिव्यांगांचे 4 टक्के समांतर आहेत. महिलांचे प्रत्येक सामाजिक प्रवर्गाच्या आत मोजायचे, आणि दिव्यांगांतून निवडलेल्याला त्याच्या सामाजिक प्रवर्गात दाखवायचे. नवखा माणूस ते 52 मध्ये मिळवतो आणि बेरीज भलतीकडे जाते. खुल्या महिला जागेवर मागास प्रवर्गातील महिला बसू शकते का, यावर राज्याराज्यांत वेगळी रीत होती. गुणवत्तेत बसत असेल तर बसू शकते, हे डिसेंबर 2020 च्या निकालाने स्पष्ट झाले. दिव्यांगांची नामावली वेगळी. केंद्रात 1995 च्या कायद्याखाली 3 टक्के असताना 1, 34 आणि 67 हे बिंदू होते. 2016 च्या कायद्याने 4 टक्के झाल्यावर 1, 26, 51 आणि 76 झाले.

पदोन्नतीतही तफावत येते. 'कॅस'खाली, म्हणजे सेवाकाळ आणि कामगिरीवर वरची श्रेणी देणाऱ्या योजनेखाली, सहायक प्राध्यापक प्राध्यापक होतो तेव्हा ती बढती व्यक्तिगत असते. त्याचे मूळ पद सहायकाचेच राहते, निवृत्तीनंतर जाहिरात सहायकाचीच निघते. नामावलीत तो सहायकांच्या यादीत, सर्वेक्षणात प्राध्यापकांच्या. वरच्या श्रेणीतली विविधता सर्वेक्षणात सुधारलेली दिसली तर सरळसेवेच्या प्राध्यापकपदांवर तपासून पाहावे, तिथे चित्र बहुधा निराळे असते.

जातीच्या दाव्याची वैधता नाकारली गेलेल्यांचे वेगळेच. जुलै 2017 च्या निकालानंतर दावा अवैध ठरला की राखीव पदावरची नोकरी टिकत नाही. राज्याने 21 डिसेंबर 2019 च्या निर्णयाने अशांना 11 महिन्यांच्या अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येबाहेरच्या, पदांवर वर्ग केले. माणूस त्याच टेबलाशी बसतो, पण बिंदू त्याचा राहिलेला नाही.

केंद्राचे सर्वेक्षण 2010-11 पासूनचे. पुढे प्रत्येक अध्यापकाची स्वतंत्र माहिती घेणारा नमुना आल्यावर एकाच अध्यापकाची दोन महाविद्यालयांत होणारी नोंद पकडता येऊ लागली. 2021-22 च्या अहवालात देशभरातले सुमारे 15.98 लाख अध्यापक आहेत, त्यांत महिला 43.4 टक्के, इतर मागास वर्ग 32.2, अनुसूचित जाती सुमारे 9, जमाती सुमारे 2.5. इतर मागास वर्गाचा आकडा 27 च्या वर दिसतो म्हणून कोटा ओलांडला, असा निष्कर्ष काढणारे लेख येतात. तो आकडा खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांसह सगळ्यांचा आहे, आणि मागास व अतिमागास मिळून 50 टक्के आरक्षण असलेले तामिळनाडूही त्यात आहे. नामावलीची टक्केवारी मंजूर पदांवर काढतात, सर्वेक्षणाची कामावर असलेल्या माणसांवर. पदे रिकामी ठेवली की पहिल्या हिशेबात अनुशेष वाढतो, दुसऱ्यात काहीच हलत नाही.

तासिका तत्त्वावरचे अध्यापक, ज्यांना सगळे 'सीएचबी' म्हणतात, शिकवण्याचा मोठा भार उचलतात आणि नामावलीत त्यांना बिंदू नसतो. शिक्षकेतर बाजूला तर मोजणीच आक्रसली आहे. सफाई, सुरक्षा, बागकाम, शिपाई ही कामे ठेकेदाराकडे गेली तशी गट-ड ची पदे आकृतिबंधातून, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्यातून, कमी होत गेली. ठेकेदाराची माणसे विद्यापीठाची नाहीत, म्हणून ना वहीत ना तक्त्यात. त्यांची नावे ठेकेदाराच्या हजेरीपत्रकात आणि भविष्यनिर्वाह निधीच्या चलनासोबतच्या यादीत सापडतात, आणि त्या दोन्हींत जातीचा रकाना नसतो.