हास्यक्लबमधून विनोद का गेला? एका निर्णयाची पार्श्वभूमी

हास्यक्लबमध्ये विनोद सांगत नाहीत, याचं नव्या सभासदाला हमखास नवल वाटतं. सुरुवातीला मात्र ते सांगितले जात. 13 मार्च 1995 रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत एका डॉक्टरांच्या पुढाकाराने पाच जण जमले आणि पहिला क्लब भरला. गोल करून उभं राहायचं, एकाने मध्ये येऊन किस्सा सांगायचा आणि बाकीच्यांनी हसायचं, अशी पद्धत होती. थोड्याच दिवसांत गर्दी पन्नासच्या वर गेली. पण दोनेक आठवड्यांत किस्से आटले. उरले ते चावट, नाहीतर कुणाला तरी टोचणारे. दुखावलेल्यांनी तक्रार केली, क्लब बंद करायची भाषा सुरू झाली. डॉक्टरांनी एका दिवसाची मुदत मागून घेतली आणि विनोदच काढून टाकला. त्यानंतर कारण नसताना, ठरवून हसायचं असा शिरस्ता पडला.

हसण्याला औषध मानण्याची कल्पना त्याआधीची. 1976 साली एका अमेरिकी संपादकांनी वैद्यकीय नियतकालिकात स्वतःच्या आजारपणाची हकिकत लिहिली होती. 10 मिनिटं पोट धरून हसलं की दोन तास वेदनेशिवाय झोप लागते, असा त्यांचा अनुभव होता. त्याच काळात ते 'क' जीवनसत्त्वाचे मोठे डोस घेत होते, ही बाजू पुढे सांगताना बहुतेक जण गाळतात. योगाकडे उपचार म्हणून पाहण्याची परंपरा तर मुंबईत 1918पासून आणि लोणावळ्यात 1924पासून संस्थांच्या रूपाने उभी होती. त्यामुळे श्वासाचे व्यायाम आणि सिंहासन हे योगासन क्लबच्या कार्यक्रमात यायला वेळ लागला नाही. टाळ्यांच्या तालावर 'हो-हो, हा-हा-हा', जीभ बाहेर काढून सिंहहास्य, आणि एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात लस्सी ओतल्याचा अभिनय करून ती घटाघटा पिताना येणारं लस्सीहास्य, हा क्रम थोड्याफार फरकाने आजही चालतो.

खरा वाद आहे तो विनोद काढण्यासाठी दिलेल्या कारणाचा. 'शरीराला खऱ्या आणि खोट्या हसण्यातला फरक कळत नाही' हे वाक्य क्लबांच्या पत्रकांतून इतकं फिरलं की ते सिद्ध झालेलं आहे असंच लोक धरून चालतात. त्याच्यामागे चेहऱ्याचे स्नायू हलले की भावना त्यांच्यामागून येते, हा मानसशास्त्रातला विचार आहे. 1988च्या एका प्रसिद्ध प्रयोगात काहींना पेन दातांत धरायला सांगितलं, म्हणजे चेहरा आपोआप हसरा होतो. काहींनी ते ओठांत धरलं, म्हणजे हसू दाबलं जातं. दातांत धरणाऱ्यांना व्यंगचित्रं जास्त गमतीची वाटली. पुढे 2016 मध्ये 17 प्रयोगशाळांनी मिळून तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम दिसला नाही. 2022 मध्ये 19 देशांतल्या 3,878 लोकांवर झालेल्या तपासणीत हसऱ्या चेहऱ्याची नक्कल केल्यावर किंवा ठरवून हसरा चेहरा केल्यावर मनाला थोडा आनंद वाटतो असं आढळलं, पेनाबाबत मात्र ठाम काही हाती लागलं नाही. म्हणजे थोडाफार परिणाम आहे, पण 'फरकच कळत नाही' इतकं मोठं विधान त्यातून निघत नाही.

म्हणून निर्णय चुकला असं मात्र मी म्हणणार नाही. विनोद गेल्यामुळे ज्यांना किस्सा जमत नाही, ज्यांना ऐकू कमी येतं, ज्यांची भाषा वेगळी आहे, अशा सगळ्यांना त्या गोलात जागा मिळाली. बायका निर्धास्तपणे येऊ लागल्या. 2019 साली हसण्याच्या उपचारांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यातही विनोदाशिवायचं हसणं विनोदी हसण्यापेक्षा सरस ठरलं. फक्त मूळ अभ्यासांचा दर्जा बेताचा आहे, हे आढावा घेणाऱ्यांनीच नोंदवलं आहे.

ज्येष्ठांच्या बाबतीत 2011 साली प्रसिद्ध झालेला तेहरानमधला अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. नैराश्य असलेल्या 70 वृद्ध स्त्रिया त्यासाठी निवडल्या होत्या. एका गटाने हास्ययोग, म्हणजे क्लबांतलंच ठरवून हसणं आणि श्वासाचे व्यायाम, केला, एकाने एकत्र व्यायाम आणि तिसऱ्याने काहीच नाही. पहिल्या दोन्ही गटांचं नैराश्य तिसऱ्याच्या तुलनेत कमी झालं आणि त्या दोघांत फारसं अंतर नव्हतं. निवृत्तीनंतर दिवस रिकामा झालेल्या माणसाला रोज ठरल्या वेळी घराबाहेर काढणारं, नावाने हाक मारणारं आणि दोन दिवस दिसला नाही तर फोन करणारं काहीतरी हवं असतं. क्लब ते देतो, आणि माझ्या मते औषधाचा मोठा वाटा त्यातच आहे. 2000-01 मध्ये सार्वजनिक बँकांतून लाखभर कर्मचारी स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. मुंबई-पुण्यातल्या बागांमध्ये गोल वाढले ते याच सुमारास, आणि तो निव्वळ योगायोग असेल असं मला वाटत नाही.

पसाऱ्याबरोबर कुरबुरीही आल्या. कुर्ल्यात तलावाकाठी रोज सकाळी होणाऱ्या गडगडाटाविरुद्ध एक शेजारी उच्च न्यायालयात गेले, आणि ते स्वतः ज्येष्ठ नागरिक होते. ज्यांना पहाटे उशिरा झोप लागते त्यांची बाजूही म्हातारपणाचीच बाजू आहे, हे क्लबांनी लक्षात घ्यायला हवं होतं. बऱ्याच ठिकाणी आता आवाज बेताचा ठेवतात.

मार्च 2020 नंतर बागा बंद पडल्या आणि क्लब मोबाइलच्या पडद्यावर गेले. जिना उतरणं अवघड झालेले कितीतरी सभासद अजून तिथेच आहेत. हर्निया, वाढलेली मूळव्याध, काचबिंदू, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, आटोक्यात नसलेला रक्तदाब किंवा हृदयविकार असेल तर जोराचं हसणं टाळावं, निदान डॉक्टरांना विचारून करावं, ही सूचना बागेत गटप्रमुख तोंडी देत असत. हसताना लघवी सुटण्याचा त्रास अनेक बायकांना होतो आणि त्या लाजेने बोलत नाहीत. बागेत एखादी जाणती बाई त्यांना बाजूला घेऊन 'आज नुसत्या टाळ्या वाजव' म्हणायची. पडद्यावरच्या वर्गात हे सांगायला वेगळी पाच मिनिटं राखून ठेवावी लागतील.