मेरुरज्जूच्या रक्तपुरवठ्याचे दुर्मिळ आजार

पडझड नाही, अपघात नाही, तरी मेरुरज्जूला, म्हणजे मणक्यांच्या आतून जाणाऱ्या नसांच्या जाड दोरीला, रक्त कमी पडून किंवा तिथंच रक्त तुंबून पायातली ताकद जाते, असे हे आजार. बेळगाव, खानापूर, निपाणीकडं अर्धं अंग लुळं पडलं की ‘वारं गेलं’ म्हणतात, कंबर धरून पाय ओढायला लागला की ‘मणक्यात गॅप’, आणि हे आजार दोन्हीत बसत नाहीत म्हणून लवकर सापडत नाहीत.

मेरुरज्जूला उभ्या धमन्या तीनच, पुढं एक, मागं दोन. पुढची एकटी दोन तृतीयांश भाग सांभाळते आणि खालच्या भागात तिला मुख्य रक्त आडामकिएविचच्या धमनीतून येतं, ही बहुतेकांत डावीकडं, छातीच्या 9व्या ते 12व्या मणक्याच्या आसपास असते. महाधमनीचा, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या धमनीचा, पदर फाटला, तिचं मोठं ऑपरेशन झालं किंवा बीपी एकदम उतरला तर हा पुरवठा तुटून काही तासांत दोन्ही पाय जातात. मागच्या धमन्या चालू असतात, त्यामुळं पायाला चटका कळत नाही पण डोळे मिटून अंगठा वर आहे का खाली ते बरोबर सांगता येतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना पाठीत एकाएकी कळ येऊन पाय गळाले तर आत रक्त साकळलेलं असू शकतं, तिथं तर एक तासही घालवायचा नाही.

फसवा म्हणजे ड्युरल फिस्टुला, रज्जूच्या आवरणात धमनी आणि शिरेची झालेली चुकीची जोडणी. धमनीचं रक्त थेट शिरेत घुसतं, शिरा फुगतात, रज्जू सुजते, आणि हे सगळं महिनोन्महिने हळूहळू. फ्वा आणि आलाज्वानीन या फ्रेंच डॉक्टरांनी 1926 मध्ये असे रोगी नोंदवले. जास्त करून पन्नाशी-साठीतले पुरुष. उसाच्या बांधावरनं चालताना पाय जड पडतात, बसलं की बरं वाटतं, चप्पल निसटून मागं राहिली तरी पत्ता नसतो. मग एमआरआय फक्त कंबरेचा निघतो, पन्नाशीनंतर तिथं गॅप बहुतेकांना दिसतोच, आणि खरी सूज छातीच्या मणक्यांत राहून जाते. सूज म्हणून स्टेरॉइड दिलं तर पाय आणखी जाऊ शकतात, हे फार वाईट. लघवी अडकते ते माणूस लाजून सांगत नाही, सांगितलं तर प्रोस्टेट म्हणून दुसऱ्याच डॉक्टरकडं, माझ्या मते या दोन तक्रारी एकाच डॉक्टरसमोर एकदम सांगितल्या पाहिजेत.

पूर्ण पाठीच्या एमआरआयमध्ये रज्जूभोवती काळ्या नागमोडी रेघा दिसतात, नेमकी जागा अँजिओग्राफीत कळते. मग ती जोडणी ऑपरेशननं तोडतात नाहीतर नळीतून गोंदासारखं औषध सोडून बंद करतात. वेळेत झालं तर चालणं बऱ्याच जणांचं सुधारतं, लघवीचा त्रास मात्र तितका सुटत नाही.