फाइल तिथेच राहू द्या, क्वेरी इथून मारा

"नकाशाचा डेटा वापरायचाय ना, मग आधी डेटाबेसमध्ये इम्पोर्ट कर" हे इतक्यांदा ऐकलंय की आज लिहायलाच बसलो. इम्पोर्ट केलं की एकाच डेटाच्या दोन कॉप्या होतात, मूळ फाइल पुढच्या आठवड्यात बदलते, टेबल जुनंच राहतं आणि मग खरं कुठलं यावर वाद.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये २०११ पासून, म्हणजे ९.१ आवृत्तीपासून, फॉरेन टेबल आहे. टेबलाला नाव असतं, कॉलम असतात, सिलेक्ट चालतं, पण आत एकही ओळ साठवलेली नसते! विचारलं की रॅपर नावाचं कोड बाहेरून ओळी आणून देतं. नकाशांसाठी पॉल रॅम्सी यांनी लिहिलेला ओजीआर रॅपर आहे, तो जीडॅल या लायब्ररीच्या जोरावर शेपफाइल, जिओपॅकेज, जिओजेसन असे नकाशाच्या फाइलींचे बरेच प्रकार वाचतो. फक्त फाइलचा पाथ सर्व्हरवरचा द्या, तुमच्या लॅपटॉपवरचा नाही, इथे नवीन माणूस हमखास अडकतो.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, पुशडाउन, म्हणजे गाळायची अट खाली फाइल वाचणाऱ्याकडेच ढकलणं. समजा फाइलमध्ये लाखभर बहुभुज, म्हणजे नकाशावरचे बंदिस्त आकार, आहेत आणि तुम्हाला एका छोट्या तुकड्यातलेच हवेत, तर सगळे आणून मग गाळायचे का? नाही. क्वेरीत दोन अँपरसँडवाली खूण (&&) वापरून चौकट दिली की रॅपर त्या चौकटीचे चार आकडे, म्हणजे दोन्ही अक्षांवरची किमान आणि कमाल किंमत, जीडॅलकडे पाठवतो. शेपफाइलमध्ये प्रत्येक बहुभुजाच्या नोंदीत सुरुवातीलाच त्याची स्वतःची, म्हणजे त्याला वेढणारी, चौकट लिहिलेली असते, तेही चारच आकडे, ३२ बाइट. या दोन चौकटी एकमेकींना शिवतच नसतील तर बहुभुजाला हजारो शिरोबिंदू असले तरी त्यांचा हिशोब न करता तो तिथल्या तिथे बाद. शेजारी क्यूआयएक्स ही इंडेक्स फाइल (कुठली नोंद नकाशाच्या कुठल्या भागात आहे याची सूची) असेल तर बहुतेक नोंदींना हातही लागत नाही, आणि जिओपॅकेजच्या पोटात आर-ट्री नावाचा इंडेक्स असू शकतो, तो हेच काम करतो.

पण खाली तेवढ्याच अटी जातात ज्या रॅपरला कळतात. अंतर मोजणारं फंक्शन त्याला कळत नाही, त्यामुळे नुसतं तेच लिहिलं तर अख्खी फाइल वर येते आणि गाळणी पोस्टग्रेसमध्ये होते. मी एकदा अशीच क्वेरी लावून ताटकळत बसलो होतो, आधी चौकटीची अट जोडली आणि मग अंतर मोजलं तेव्हा कुठे ती हलली.

"झीरो कॉपी", म्हणजे डेटाची कॉपीच नाही, म्हणून हल्ली जो गवगवा चालतो त्याला भुलू नका, डिस्कवर कॉपी नसली तरी प्रत्येक क्वेरीला बाइट वाचावेच लागतात, आणि फॉरेन टेबलवर इंडेक्स टाकता येत नाही. तोच डेटा दिवसभर जॉइनमध्ये, म्हणजे दुसऱ्या टेबलांशी जोडायला, लागणार असेल तर त्यावर मटेरियलाइज्ड व्ह्यू (क्वेरीचा साठवून ठेवलेला निकाल) करा, त्याला जिस्ट हा नकाशाच्या डेटाला चालणारा इंडेक्स लावा आणि मूळ फाइल बदलली की रिफ्रेश मारा.