वकिलाने लिहिलेला शब्द : 'हमी'

रोजगार हमीचा विषय निघाला की गाडी थेट १९७२ च्या दुष्काळावर जाते. खडी फोडणारे हात, सुकडी, पाझर तलाव हे सगळं सगळ्यांना ठाऊक आहे. ती योजना एका वकिलाच्या डोक्यातून आली होती, याकडे मात्र कमी लक्ष जातं. माझ्या मते तिचं वेगळेपण तिथेच आहे.

वि. स. पागे सांगली जिल्ह्यातले. वकिली, स्वातंत्र्यलढा, तुरुंग आणि मग राजकारण, असा त्या पिढीतल्या बऱ्याच वकिलांचा रस्ता त्यांनीही धरला. महाराष्ट्र झाला त्याच वर्षी, १९६० मध्ये, ते विधान परिषदेचे सभापती झाले आणि १९७८ पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. या खुर्चीवरून खातं मिळत नाही, निधीही मिळत नाही. तरीही तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात साठच्या दशकात त्यांच्या कल्पनेचा प्रयोग झाला. जो काम मागेल त्याला काम, आणि तेही गावाला उपयोगी पडेल असं. लोक पुढे तिला 'पागे योजना' म्हणू लागले.

१९७२ च्या मे महिन्यात ती राज्यभर सुरू झाली आणि लगोलग दुष्काळाने तिला गिळलं. त्या काळात जे चाललं त्याला आपण सैलपणे रोजगार हमी म्हणतो, पण ती दुष्काळी कामं होती. १९७३ च्या मे महिन्यात त्यांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. सरकारने दया म्हणून काढलेलं ते काम होतं, उद्या बंद केलं तरी कोर्टात जायला आधार नव्हता.

घोळ आहे तो 'हमी' या शब्दात. करार कायद्यात हमी म्हणजे दुसऱ्याने आपलं देणं चुकवलं तर ते मी भागवीन, असं कबूल करणं. आपल्या बोलीत त्याला जामीन राहणं म्हणतात. इथे जामीन राहिलं सरकार. शेतात, बाजारात काम मिळालं नाही तर ते आम्ही देऊ. राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात कामाचा हक्क आहेच, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे कोर्टाला बजावता न येणारा. आधी योजना आणि मग कायदा करून त्याच हक्काला तारीख चिकटवली गेली. मागणीचा अर्ज दिला की पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता, दिवसाला निदान एक रुपया. त्यामुळे मजुराच्या हातातल्या पोचपावतीवरची तारीख महत्त्वाची ठरते. पंधरा दिवस तिथून मोजायचे. ग्रामसेवक किंवा तलाठी पोच द्यायला का टाळाटाळ करतो, हे यावरून कळावं.

अर्थात पळवाटाही त्याच कलमांत होत्या. कुठलं काम हवं हे मजुराने ठरवायचं नाही. कामही अंगमेहनतीचं, अकुशल, तेवढंच.

पैशांची गोष्ट जास्त वादाची. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरी पगारदाराकडून घ्यायचा, तेवढाच वाटा सरकारने घालायचा आणि खेड्यातल्या मजुराला द्यायचा. शहरात कुरकुर झाली, होणारच. खेड्यात काम नसेल तर माणूस मुंबईच्या फुटपाथवर येईल, हा युक्तिवाद मला तरी पटतो. घटनेने या कराला वर्षाला २५० रुपयांची मर्यादा घातली होती, ती १९८८ च्या दुरुस्तीने २,५०० झाली. पगाराच्या पावतीवर अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३०० का कापतात, याचं उत्तर या आकड्यात आहे. मात्र करातून आलेलं सगळं मजुरापर्यंत गेलं नाही, ही तक्रार जुनी आहे आणि रास्तही.

रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. तोवर पागे सभापतिपदावरून उतरले होते.

पुढचं सगळं त्या शब्दाभोवतीच घडलं. १९८८ मध्ये किमान वेतन वाढलं, हमीची मजुरीही वाढली, आणि त्यानंतर कामावरची हजेरी घटली. मजूर कमी आले, की कामंच कमी काढली गेली, यावर अभ्यासकांत वाद झाला. दुसरं कारण खरं असेल तर हमी कागदावर राहिली असं म्हणावं लागेल. १९९० मध्ये फळबागा योजनेशी जोडल्या गेल्या. कोकणात आंबा-काजू लागला, ते चांगलंच झालं. पण ज्याच्याकडे जमीन नाही त्याच्यासाठी लिहिलेल्या तरतुदीचा मोठा फायदा जमीनवाल्याला मिळू लागला, याची खंत त्या वेळी फारशी कुणी केली नाही.

२००५ च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्याने कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांचं काम ठरवलं. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची मर्यादाच नव्हती. म्हणून १०० दिवस संपल्यावरही इथला मजूर काम मागू शकत होता, त्याचा खर्च राज्याने उचलायचा. अर्ज करून पोच मात्र घ्यावी लागे.