शाकारणी : निसरड्या छपरावरील काम

पावसाळ्यापूर्वी कौलारू छप्पर उलगडून फुटकी कौले बदलणे, सरकलेली बसवणे आणि किडलेले वासे आणि त्यांवरच्या आडव्या पट्ट्या म्हणजे रिपा पालटणे याला शाकारणी म्हणतात. बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला, विशेषतः खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबी, लोंढा या घाटमाथ्याच्या पट्ट्यात हे काम चुकवून चालत नाही. मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीकडचा पाऊस दिवसेंदिवस थांबत नाही, आणि एक कौल सरकले तरी मातीची भिंत भिजते. खानापूर परिसर कौलांच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. खाचा जुळवून बसणारे ‘मंगलोरी’ कौल मात्र दक्षिणेतून आले. त्याचा कारखाना बासेल मिशनने मंगळूरला १८६५ मध्ये काढला. कन्नड शेजारी कौलाला ‘हंचू’ आणि शेवाळाला ‘पाची’ म्हणतात. एकाच छपरावर मराठी आणि कन्नड बोलणारे गडी असतात, तेव्हा इशाऱ्याचे हे शब्द दोघांनाही ठाऊक हवेत.

हंगाम होळीनंतरचा, मृगाच्या आतला. मध्ये वळीव पडतो आणि खरा धोका तिथे असतो. वर्षभराची धूळ आणि वाळलेले शेवाळ पहिल्या शिंतोड्याने भिजले की कौलावर बुळबुळीत थर तयार होतो. जोराची सर तो धुऊन तरी नेते, भुरभुर पाऊस नाही. भाजलेली माती पाणी शोषून धरते, त्यामुळे वरून कोरडे दिसणारे कौलही आतून ओले असते. आंब्या-फणसाच्या सावलीतले पाखे, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, सर्वांत वाईट. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असतो, म्हणून उत्तरेच्या पाख्यावरचे शेवाळ दाट होते. ते कोरड्या दिवसांत खराट्याने खरवडावे. वळीव झाल्यावर निदान एक कडक उन्हाचा दिवस जाऊ द्यावा.

पाय कौलाच्या मध्यावर ठेवू नये. दोन कौले एकमेकांवर चढतात आणि खाली रीप असते, त्या ओळीवर पाऊल आडवे, हलके टेकवावे. त्याहून चांगले म्हणजे पाख्यावर शिडी पसरून तिचे वरचे टोक आढ्यापलीकडे, म्हणजे छपराच्या माथ्यापलीकडे, अडकवणे. मग वजन एका कौलावर न येता अनेक वाशांवर वाटले जाते. काही जण पायाखाली गोणपाट घेतात. ते नुसते पसरले तर माणसासकट घसरते, म्हणून शिडीच्या पायरीला घट्ट बांधावे. उतरताना तोंड छपराकडेच असावे.

खालची शिडी चार फूट उंचीला एक फूट या मानाने भिंतीपासून दूर रोवावी. तिचे टोक वळचणीच्या, म्हणजे छपराच्या खालच्या काठाच्या, कौलावर टेकवू नये, ते कौल हमखास फुटते. शेणाने सारवलेल्या अंगणात शिडीचे पाय निसटतात. दोन उथळ खड्डे केले तर शिडी हलत नाही; तरी एकाने ती धरावी. घरावर येणारी विजेची तार जवळ असेल तर ॲल्युमिनियमची शिडी वापरूच नये.

दोर आढ्यावरून पलीकडच्या भक्कम झाडाला किंवा खांबाला बांधावा. रीप किंवा वाळवी लागलेला वासा आधार देत नाही. वासे आधी घरातून ठोकून पाहावेत. नुसत्या कमरेला बांधलेला दोर पडताना पोटात रुततो. त्याऐवजी आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा, मांड्या व खांदे धरणारा पट्टा हवा. दोरात ढील ठेवू नये. लटकलेल्या माणसाला लगेच खाली घ्यावे लागते, म्हणून एकट्याने चढू नये.

सिमेंटच्या पत्र्याचे गणित वेगळे. तो न वाकता, न कुरकुरता एकदम फुटतो. बोल्टांच्या रांगेखाली आडवा आधार असतो, पण त्या रांगेवरूनही फळ्या टाकल्याशिवाय चालू नये. उजेडासाठी बसवलेले काचेचे कौल धुळीने माखले की इतर कौलांत मिसळून जाते. त्याची जागा घरातून पाहून वर खूण करावी.

भर पावसात घर गळू लागले की घरधनी स्वतः चढायला निघतो. ते टाळता येते. खाली छत नसलेल्या घरात माळ्यावर उभे राहून काठीने वरचे कौल किंचित उचलता येते आणि फटीत पत्र्याचा तुकडा आतूनच सरकवता येतो. त्याचा वरचा काठ वरच्या कौलाखाली आणि खालचा काठ खालच्या कौलावर येईल असा बसवला, की पाणी बाहेर जाते. नवे कौल मग उघडीप झाल्यावर घालावे.