डावपेच

डावपेच म्हणजे शत्रू समोर असताना हाताशी असलेली माणसे, शस्त्रे, जमीन आणि वेळ वापरून ती लढाई जिंकण्याची कला. हा शब्द आखाड्यातला आहे. ढाक, घिस्सा, धोबीपछाड हे कुस्तीतले डाव. ‘पेच’ फारसीतून आला, मूळ अर्थ पीळ किंवा वेढा. पतंगांचा पेच लागतो तो त्याच अर्थाने. इंग्रजी ‘टॅक्टिक्स’ मुळात ग्रीक असून त्यात सैन्याच्या मांडणीचा अर्थ आहे. मराठी शब्दात मात्र दोघांची झोंबी दिसते, आणि ते अधिक नेमके वाटते, कारण प्रत्येक डावाला समोरच्याकडे तोड असते.

रणनीती आणि डावपेच यांची नेहमी गल्लत होते. उंबरखिंडीच्या लढाईत (फेब्रुवारी १६६१) त्यांतला फरक स्पष्ट दिसतो. मोगल सुभेदार शायिस्तेखानाने पुण्याहून करतलबखान या सरदाराला कोकणात धाडले. बलाढ्य मोगली फौजेला मोकळ्या मैदानात भिडायचे नाही, तिला सह्याद्रीच्या अडचणीत गाठायचे, ही शिवाजी महाराजांची रणनीती. खोपोलीजवळच्या त्या अरुंद, दाट झाडीच्या खिंडीत दोन्ही अंगांना मावळे दडवणे, फौज पुरती आत शिरेपर्यंत हूं की चूं न करणे, मग पुढची-मागची वाट रोखणे, हे डावपेच. खानाच्या सैन्याला ना पसरायला जागा राहिली, ना प्यायला पाणी. सोबत असलेल्या मोगलांकडील स्त्री-सरदार रायबागन यांच्या सल्ल्याने खान शरण आला आणि खंडणी देऊन, सामान टाकून परतला. संख्याबळ असूनही ते वापरता येऊ न देणे, हे या लढाईचे मर्म. गनिमी काव्यातही तेच आहे. तो निव्वळ पळून जाण्याचा प्रकार नव्हे.

रणांगणाबाहेर हा शब्द निवडणूक, कोर्टकचेरी, भाऊबंदकी, बुद्धिबळ असा सर्वत्र फिरतो. खेळाच्या बातमीत डावपेच आखणे हे कौतुक असते. राजकारणात किंवा घरच्या वाटणीत त्याच शब्दाला कपटाचा वास येतो. युद्धशास्त्रात असा दोष त्याला चिकटलेला नाही.

कबड्डीत याचे अस्सल उदाहरण मिळते. आघाडीवरचा संघ गुणाच्या मागे न लागता रिकाम्या चढाया करून वेळ काढतो. प्रो कबड्डीत सलग दोन रिकाम्या चढायांनंतर तिसरीत गुण मिळाला नाही, तर चढाईपटू बाद होतो. मग बचाव करणारा संघही ती तिसरी चढाई येईपर्यंत घाई न करता दबा धरून उभा राहतो.